मध्ययुगीन यहुद्यांचे खंडनवाङ्मय

एकाच ग्रंथाला प्रमाण मानणाऱ्या दोन पक्षांतील वाद हा परस्परांचे प्रमाणच न मानणाऱ्या पक्षांतील वादापेक्षा अधिक चिवट असतो, ही गोष्ट भारतीय दर्शनांच्या अभ्यासकाला नवी नाही. उपनिषदांतील एकेका वाक्यावर अद्वैती आणि द्वैती भाष्यकारांनी शतकानुशतके लेखणी झिजविली, ती ते वाक्य दोघांनाही सारखेच शिरोधार्य होते म्हणूनच. मध्ययुगीन युरोपातील यहुदी व ख्रिस्ती पंडितांच्या वादाचे स्वरूप वरवर पाहता असेच दिसते. उत्पत्ती, स्तोत्रे, यशया, यिर्मया ही दोघांचीही शास्त्रे. प्रश्न एवढाच की, ती येशूविषयी बोलतात की नाही. परंतु हे साम्य येथेच संपते. ह्या वादात एका पक्षाच्या पाठीशी राजसत्ता, धर्मपीठ आणि न्यायासन उभे होते, आणि दुसरा पक्ष त्याच सत्तेच्या मर्जीने त्या भूमीवर राहत होता. प्रश्न विचारण्याचा अधिकार एकाचा, उत्तर देण्याची सक्ती दुसऱ्यावर. आणि उत्तर फारच बिनतोड ठरले तर तो ईश्वरनिंदेचा अपराध. पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष ह्यांची अशी विषम मांडणी न्यायशास्त्राला ठाऊक नाही.

अशा परिस्थितीत जे वाङ्मय निर्माण झाले ते बहुतांशी हिब्रू भाषेत आहे, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. ज्या प्रतिपक्षाचे खंडन करावयाचे त्याला वाचता येऊ नये अशाच भाषेत खंडन लिहिले गेले. ह्याचा अर्थ उघड आहे. ह्या ग्रंथांचा खरा वाचक ख्रिस्ती धर्मोपदेशक नसून, त्या उपदेशकाचे प्रवचन सक्तीने ऐकून घरी परतलेला, मनात किंतु घेऊन बसलेला यहुदी तरुण हा होता. ज्याचा भाऊ किंवा गुरू धर्मांतर करून गेला आहे, असा माणूस ह्या ग्रंथांपुढे बसलेला आहे. ह्या वाचकाकडे दुर्लक्ष करून त्यांकडे केवळ धर्मशास्त्रीय युक्तिवादांचा साठा म्हणून पाहिले, तर त्यांतील पुनरुक्ती कंटाळवाणी वाटते. आणि खरे सांगावयाचे तर ती पुष्कळ ठिकाणी कंटाळवाणी आहेच.

इस्लामी राजवटीत ह्या वादाची धार इतकी तीव्र नव्हती. तेथे यहुदी आणि ख्रिस्ती दोघेही आश्रित प्रजा. सादिया गाओनने ९३३ मध्ये अरबी भाषेत पूर्ण केलेल्या आपल्या तत्त्वग्रंथात त्रैक्याच्या सिद्धान्ताचे जे खंडन केले आहे ते शांत, शास्त्रीय आहे. सामान्य ख्रिस्ती माणसाची समजूत आणि विद्वान ख्रिस्त्याचा सिद्धान्त ह्यांत तो भेद करतो. येहूदा हालेवीने ११४० च्या सुमारास लिहिलेला 'कुझारी' हा ग्रंथही अरबीतच आहे. 'तिरस्कृत धर्माच्या समर्थनार्थ' असे त्याच्या उपशीर्षकात म्हटले आहे, आणि त्या एका विशेषणात पुढील तीन शतकांचे दुःख आधीच उमटल्यासारखे वाटते.

ख्रिस्ती राज्यांत राहून लिहिलेल्या हिब्रू खंडनग्रंथांची परंपरा ठळकपणे सुरू होते ती ११७० च्या आसपास. त्या सुमारास याकोब बेन रूबेनने 'मिल्हमोत हाशेम' आणि योसेफ किम्हीने 'सेफेर हाबरीत' हे ग्रंथ रचले. पहिल्या ग्रंथाचा कर्ता एका विद्वान पाद्र्याच्या स्नेहातून वादाकडे वळला. मत्तयाच्या शुभवर्तमानातील निवडक भाग त्याने हिब्रूत उतरवून त्यांवर टीका केली, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. किम्ही हा स्पेनमधील अल्मोहाद राजवटीच्या छळामुळे नार्बोन येथे येऊन स्थायिक झालेला व्याकरणकार. त्याचा ग्रंथ संवादरूप आहे. त्यात धर्मग्रंथातील वचनांबरोबर दोन्ही समाजांच्या आचाराचीही तुलना येते: कोणाच्या घरी मुलांना शास्त्र शिकविले जाते, कोणाच्या समाजात वाटमारे निपजतात, हा प्रश्न तो निःसंकोचपणे विचारतो, आणि प्रतिवादी व्याजबट्ट्याचा मुद्दा काढून त्याला अडवू पाहतो. हा प्रतिवादी लेखकानेच निर्माण केलेला असला, तरी तो अगदीच मातीचा पुतळा नाही.

ह्या सर्व वादाचा पाया अर्थनिर्णयाचा होता. यशयाच्या सातव्या अध्यायातील 'अल्मा' ह्या शब्दाचे उदाहरण सुप्रसिद्ध आहे. हिब्रूत त्याचा अर्थ तरुण स्त्री. ग्रीक भाषांतरात, आणि त्याला अनुसरून लॅटिन भाषांतरात, तो 'कुमारी' झाला, आणि त्या शब्दावर ख्रिस्तजन्माच्या भविष्यवाणीची उभारणी झाली. मराठी बायबलातही ह्या ठिकाणी 'कुमारी' हाच शब्द आहे. यहुदी टीकाकार उलट विचारीत की, ज्या राजाला हे चिन्ह दिले त्याच्या हयातीत घडणारी ती गोष्ट असली पाहिजे. सात शतकांनंतरच्या जन्माचा त्याला काय उपयोग? ह्या प्रश्नात शब्दार्थ आहे, संदर्भ आहे, आणि वक्ता-श्रोता ह्यांच्या परिस्थितीचे भान आहे. यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायातील दुःख सोसणारा सेवक म्हणजे कोण, हाही तसाच प्रश्न. जुन्या अरामी भाषांतराने तो मशीहाकडे लावला होता. राशीने (मृत्यू ११०५) आपल्या भाष्यात तो समग्र इस्राएल जनतेकडे लावला. १०९६ मध्ये पहिल्या क्रुसेडच्या वेळी ऱ्हाइनकाठच्या वर्म्स व माइन्त्स येथील यहुद्यांची जी कत्तल झाली ती राशीच्या हयातीतली. आणि त्याच नगरांत त्याचे विद्यार्जन झाले होते. बाराव्या शतकात उत्तर फ्रान्समध्ये 'पेशात' म्हणजे सरळ वाक्यार्थाला प्राधान्य देणारा जो भाष्यसंप्रदाय बहरला त्याची सर्वच कारणे ह्या वादात नाहीत. परंतु रूपकाच्या आधारे वाटेल तो अर्थ काढणाऱ्या प्रतिपक्षापुढे व्याकरण हेच सर्वांत भरवशाचे शस्त्र आहे, हे त्या भाष्यकारांना पक्के ठाऊक होते.

सर्वच वाद असे गंभीर नव्हते. तेराव्या शतकातील 'सेफेर योसेफ हामकाने' ह्या फ्रेंच संग्रहात सेन्सच्या आर्चबिशपशी व्यवहारसंबंध असलेल्या ऑफिसियाल घराण्यातील माणसांच्या पाद्र्यांशी झालेल्या चकमकी आहेत. हजरजबाबीपणा हाच त्यांचा प्राण. 'निझ्झाहोन याशान' ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जर्मन प्रदेशातील अनामिक ग्रंथात तर उपहास पुष्कळदा शिवीगाळीपर्यंत उतरतो. त्याचे समर्थन करण्याचे कारण नाही, आणि त्याने बिचकण्याचेही नाही. उघडपणे एक शब्द बोलण्याची सोय नसलेल्या माणसाने बंद दाराआड काढलेले ते उद्गार आहेत.

तेराव्या शतकात ह्या वादाने निराळेच वळण घेतले. तोपर्यंत वाद बायबलाविषयी होता. आता तो तालमूदविषयी सुरू झाला, आणि तो सुरू करणारे ख्रिस्ती झालेले यहुदीच होते. निकोलस दोनिनने १२३६ मध्ये पोप नववा ग्रेगरी ह्याच्याकडे तालमूदविरुद्ध आरोप नेले. १२४० मध्ये पॅरिस येथे राजमाता ब्लांश हिच्यासमोर रब्बी येहिएलला त्या आरोपांची उत्तरे द्यावी लागली. तालमूदमधील येशू हा नाझरेथचा येशू नव्हेच, असा एक बचाव त्याने केला. फ्रान्समध्ये लुई नावाचा प्रत्येक इसम काही राजा नसतो, असे त्याचे म्हणणे होते. विनोद चांगला होता, परंतु निकाल आधीच ठरलेला होता. १२४२ च्या सुमारास पॅरिसमध्ये हस्तलिखितांच्या चोवीस गाड्या जाळण्यात आल्या. मुद्रणकला अद्याप दोन शतके दूर असताना चोवीस गाड्या हस्तलिखिते म्हणजे किती पिढ्यांचे श्रम, ह्याची कल्पना करणे कठीण नाही.

त्यानंतर अवघ्या एकवीस वर्षांनी, १२६३ च्या जुलैमध्ये, बार्सेलोना येथे अरागॉनचा राजा पहिला जेम्स ह्याच्या दरबारात जो वाद झाला त्यातील ख्रिस्ती पक्षाची भूमिका पाहिली म्हणजे आश्चर्य वाटते. ज्या तालमूदला पॅरिसमध्ये ईश्वरनिंदक म्हणून जाळले, त्याच तालमूदमधून आता ख्रिस्ती धर्म सिद्ध करावयाचा होता. वादी पाब्लो क्रिस्तियानी हाही धर्मांतरित यहुदी व डोमिनिकन भिक्षू. प्रतिवादी जेरोना येथील मोशे बेन नहमान, म्हणजेच नहमानिदेस, त्या पिढीतील स्पेनमधला सर्वश्रेष्ठ यहुदी पंडित. पाब्लोची युक्ती अशी की, तुमच्याच प्राचीन आचार्यांच्या कथांतून मशीहा येऊन गेल्याचे दिसते. तेव्हा एक तर ते कबूल करा, नाही तर आपल्या आचार्यांना खोटे म्हणा.

त्याने पुढे केलेली एक कथा मोठी सुंदर आहे. एक यहुदी शेतकरी नांगरीत असता त्याची गाय हंबरली. वाटेने जाणाऱ्या अरबाने ते ऐकून सांगितले, 'नांगर सोड. तुमचे मंदिर उद्ध्वस्त झाले.' गाय दुसऱ्यांदा हंबरली. अरब म्हणाला, 'आता पुन्हा जुंप. तुमचा मशीहा जन्मला.' मंदिर पडले त्याच दिवशी मशीहाचा जन्म, असा ह्या कथेचा आशय. तेव्हा मशीहा जन्मला आहे हे तुमच्याच ग्रंथात आहे, असे पाब्लोचे प्रतिपादन.

नहमानिदेसने ह्याला दोन पायऱ्यांनी उत्तर दिले. पहिली पायरी धक्कादायक होती: ह्या कथेवर आपला विश्वास नाही, असे त्याने भर दरबारात सांगितले. यहुद्यांचे ग्रंथ तीन प्रकारचे, असे त्याने स्पष्ट केले. पहिला बायबल, त्यावर सर्वांची संपूर्ण श्रद्धा. दुसरा तालमूद, विधिनियमांच्या बाबतीत बंधनकारक. आणि तिसरा मिद्राश, म्हणजे प्रवचने, जशी एखादा बिशप उभा राहून करतो तशी, जो मानील त्याने मानावी, जो न मानील त्याला दोष नाही. दुसरी पायरी युक्तिवादाची: कथा खरी धरली तरी ती येशूला लागू पडत नाही, कारण मंदिर पडले इ. स. ७० मध्ये आणि येशू त्याच्या किती तरी आधी जन्मला व वधस्तंभावर गेला. शिवाय जन्मणे वेगळे आणि मशीहा म्हणून प्रकट होणे वेगळे.

ह्या पहिल्या पायरीविषयी विद्वानांत आजवर मतभेद चालत आलेला आहे. नहमानिदेसचे तोरावरील भाष्य उघडले तर मिद्राशविषयीचा त्याचा आदर पानोपानी दिसतो. मग दरबारातले विधान केवळ बचावाचा डावपेच होता काय? काहींनी तसे मानले. परंतु त्याच भाष्यात तो मिद्राशाचा अर्थ नमूद करून वेगळा सरळ अर्थही निर्भयपणे मांडतो. कथेचा आदर करणे आणि कथेला साक्षीदार म्हणून कोर्टात उभे करू न देणे, ह्यांत विसंगती नाही. किंबहुना बार्सेलोनाच्या वादाचे वाङ्मयीन महत्त्व येथेच आहे. एखाद्या मजकुराचा खरेखोटेपणा ठरविण्याआधी तो कोणत्या जातीचा मजकूर आहे, हे ठरविले पाहिजे: नियम, इतिहास, की कल्पित कथा. समीक्षेतला हा पहिला पाठ. पण तो येथे एका वृद्धाला राजासमोर, भिक्षूंच्या घोळक्यात, आपल्या जमातीचे भवितव्य पणाला लागलेले असताना शिकवावा लागला.

त्याचे सर्वांत परिणामकारक भाषण मात्र ग्रंथप्रामाण्याचे नव्हते. मशीहाच्या काळी राष्ट्रे तलवारी मोडून नांगराचे फाळ करतील, असे यशयाचे भविष्य. आणि येशूच्या काळापासून आजपर्यंत जग हिंसा आणि लुटीने भरलेले आहे, हे त्याने राजाला निदर्शनास आणले. युद्धे लढूनच राज्य वाढविलेल्या राजाला हे सांगावयास धैर्य लागते. वाद संपल्यावर राजाने त्याला तीनशे नाणी दिली, असे तो लिहितो; अरागॉनच्या दप्तरातही अशी नोंद सापडली आहे. लॅटिन वृत्तान्तात मात्र तो निरुत्तर होऊन पळाला, असे म्हटले आहे. दोन्ही वृत्तान्त विजयाचे आहेत आणि दोन्ही आपापल्या वाचकांसाठी लिहिलेले आहेत. नहमानिदेसचा वृत्तान्त साहित्य म्हणून सरस आहे, एवढ्यावरून तो शब्दशः खरा ठरत नाही. इतिहासकाराने हे भान ठेवलेच पाहिजे.

ह्या वृत्तान्तानेच त्याचा घात केला. भाषणस्वातंत्र्य राजाने दिले होते आणि लेखी वृत्तान्त जेरोनाच्या बिशपच्या मागणीवरून दिला, असा त्याचा बचाव १२६५ मध्ये नोंदला गेला. राजा सौम्य शिक्षेवर भागवू पाहत होता. डोमिनिकनांचे समाधान झाले नाही, आणि पोप चौथा क्लेमेंट ह्यानेही राजाला शिक्षेविषयी पत्र लिहिले. वयाची सत्तरी ओलांडलेला नहमानिदेस स्पेन सोडून गेला आणि १२६७ मध्ये उजाड यरुशलेमेस पोचला. इकडे डोमिनिकनांनी पाब्लोची पद्धती सोडली नाही. रामोन मार्तीच्या १२७८ च्या 'पूगियो फिदेई' ह्या प्रचंड ग्रंथात यहुदी वाङ्मयातील उतारेच्या उतारे मूळ हिब्रू-अरामीत देऊन ती शास्त्रशुद्ध करण्यात आली.

पुढचा आघात शब्दांचा नव्हता. १३९१ च्या जूनमध्ये सेव्हिल येथे उसळलेल्या दंगली काही आठवड्यांत बार्सेलोना, व्हॅलेन्सिया, माजोर्कापर्यंत पसरल्या. हजारो यहुदी मारले गेले, त्याहून अधिकांनी बाप्तिस्मा घेतला. तत्त्वज्ञ हसदाई क्रेस्कासचा एकुलता एक मुलगा बार्सेलोनात मारला गेला. प्रोफियात दुरान हा व्याकरणकार, ज्योतिषी आणि वैद्यकाचा अभ्यासक. त्याने बाप्तिस्मा घेतला, आणि ओनोरात दे बोनाफे ह्या ख्रिस्ती नावाने पेर्पिन्यां येथे तो पुढील काळात वावरत असल्याचे तेथील दस्तऐवज सांगतात. मध्ययुगातील ख्रिस्ती धर्माचे सर्वांत मर्मभेदी यहुदी खंडन ज्याच्या लेखणीतून उतरले तो माणूस सरकारदप्तरी ख्रिस्ती होता.

१३९६ च्या सुमारास दुरानने लिहिलेले पत्र 'अल तेही कअवोतेखा', म्हणजे 'तू आपल्या पूर्वजांसारखा होऊ नकोस', ह्या नावाने प्रसिद्ध आहे. दाविद बोनेत बोन्जोर्न हा त्याचा मित्र. परंपरा सांगते की, दोघांनी पॅलेस्टाइनला जाऊन पुन्हा यहुदी म्हणून जगण्याचा बेत केला होता. वाटेत बोन्जोर्नचे मन फिरले आणि आपण ख्रिस्तीच राहणार असे त्याने कळविले. त्याला दुरानने हे अभिनंदनाचे पत्र पाठविले. पूर्वज एका साध्या, अविभाज्य ईश्वरावर विश्वास ठेवीत, तू तसा होऊ नकोस. ते बुद्धीला पटेल तेच मानीत, तू तसे करू नकोस. अशी ती स्तुती परिच्छेदामागून परिच्छेद चढत जाते. व्याजस्तुतीचा हा नमुना इतका साधला आहे की, काही ख्रिस्ती वाचकांनी तो आपल्याच बाजूचा समजला, आणि पहिल्या शब्दांचा अपभ्रंश करून त्याला 'आल्तेका बोतेका' असे नावही दिले, असे सांगतात. मूळ वचन जखऱ्या संदेष्ट्याचे. तेथे पूर्वज आज्ञाभंग करणारे आहेत, म्हणून त्यांच्यासारखे न होण्याचा उपदेश. येथे पूर्वज निष्ठावंत आणि वंशज भ्रष्ट. हिब्रू बायबल मुखोद्गत असलेल्या वाचकाला हे उलटलेले वचन पहिल्याच ओळीत कळते. ज्याला ते कळत नाही तो फसतो. शत्रूच्या डोळ्यांदेखत मित्राशी बोलण्याची ही कला दुरानला स्वतःच्या जगण्याने शिकविली होती. आणि त्या पत्रातील प्रत्येक टोमणा बाप्तिस्मा घेतलेल्या दुरानलाही लागू पडतो, हे विसरून ते वाचता येत नाही.

त्यानंतर क्रेस्कासच्या सांगण्यावरून त्याने १३९७ मध्ये 'कलिमत हागोयीम' हा ग्रंथ रचला. शीर्षक पुन्हा बायबलातले. यहेज्केलात त्याचा अर्थ परराष्ट्रांनी केलेली, इस्राएलाने सोसलेली अप्रतिष्ठा असा आहे. दुरानच्या हाती तीच अप्रतिष्ठा परराष्ट्रांची होते. बारा प्रकरणांच्या ह्या ग्रंथात उपहास जवळजवळ नाही. नव्या करारावर बाहेरून हल्ला करण्याऐवजी दुरान तो आतून वाचतो, आणि विचारतो की, त्रैक्य, अवतार, मूळ पाप, पोपचे अधिपत्य हे जे आज ख्रिस्ती धर्म म्हणून शिकविले जाते, ते येशूच्या आणि त्याच्या शिष्यांच्या वचनांत आहे काय? मत्तयाच्या पाचव्या अध्यायाच्या आधारे तो दाखवितो की, नियमशास्त्र रद्द करण्याचा येशूचा हेतू नव्हता. 'चुकलेले' आणि 'चुकविणारे' असे दोन वर्ग तो पाडतो: येशू व त्याचे पहिले अनुयायी भाबडे, चुकलेले, पुढचे धर्माचार्य चुकविणारे. जेरोमच्या लॅटिन भाषांतरातील दोषांचाही तो झाडा घेतो. वचने उद्धृत करताना झालेल्या चुका दाखविण्याची जुनी प्रथा ह्या वाङ्मयात होतीच. 'प्रेषितांची कृत्ये' ह्यातील स्तेफनाच्या भाषणात याकोबाचे दफन हेब्रोनऐवजी शखेमात झाल्यासारखे येते, हे त्यांतले नेहमीचे उदाहरण. दुरानने मात्र सुट्या चुकांना एक कालक्रम दिला. सिद्धान्त हळूहळू कसा बनत गेला, हा प्रश्न त्याने विचारला. आणि तो प्रश्न धर्मशास्त्र्याचा नसून इतिहासकाराचा आहे. येशू आणि त्याच्या नावाने पुढे उभा राहिलेला धर्म ह्यांतील भेद लेसिंगने १७७४ ते १७७८ ह्या काळात राइमारुसचे लेख छापले तेव्हा युरोपला हादरवून गेला. पेर्पिन्यांच्या 'ख्रिस्ती' पंडिताने तो चार शतकांपूर्वी हिब्रूत लिहून ठेवला होता. सक्तीच्या धर्मांतराने त्याला ख्रिस्ती ग्रंथांच्या जगात आणून बसविले. त्याने तेथे बसून वाचन केले.

क्रेस्कासने त्याच सुमारास ख्रिस्ती तत्त्वांचे तार्किक खंडन कातालान ह्या लोकभाषेत लिहिले, हे विशेष. परंतु मूळ ग्रंथ नष्ट झाला आणि १४५१ मध्ये योसेफ इब्न शेम तोवने केलेले हिब्रू भाषांतर तेवढे उरले. १४१३-१४ मधील तोर्तोसाच्या वादाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. एकोणसत्तर बैठका झाल्या. वादी पुन्हा एक धर्मांतरित, येहोशुआ लोर्की. श्रोत्यांतून बाप्तिस्म्यासाठी माणसे पुढे येत राहिली. तेथे बसलेल्या योसेफ आल्बोने १४२५ मध्ये 'सेफेर हाइक्कारीम' हा ग्रंथ पूर्ण केला. धर्माची मूलतत्त्वे कोणती, हे नव्याने सांगण्याची गरज कोणत्या सभागृहात उत्पन्न झाली असेल, हे ओळखणे अवघड नाही.

ह्या ग्रंथांचे पुढे काय झाले, ही कथा त्यांच्या स्वरूपाला साजेशी आहे. प्रागच्या योम-तोव लिपमान म्युलहाउझेनने १४०० च्या सुमारास लिहिलेले 'सेफेर निझ्झाहोन' १६४४ मध्ये आल्टडॉर्फ येथे प्रथम छापले, ते थेओडोर हाकश्पान ह्या ख्रिस्ती हिब्रूतज्ज्ञाने. त्याच गावी योहान क्रिस्टोफ वागेन्झाइलने १६८१ मध्ये 'सैतानाचे अग्निबाण' अशा अर्थाच्या लॅटिन नावाखाली येहिएल व नहमानिदेस ह्यांचे वृत्तान्त, 'निझ्झाहोन याशान', आणि लिथुएनियातील कराई पंथाच्या इझाक त्रोकीचा सोळाव्या शतकाच्या अखेरचा 'हिझ्झूक एमूना' एकत्र छापले. सोबत लॅटिन भाषांतर दिले. हेतू खंडनाचा होता. पण ज्या भाषेच्या आडोशाला हे वाङ्मय चार शतके सुरक्षित राहिले होते तो आडोसा त्यामुळे गेला, आणि हिब्रूचे अक्षरही न येणारा वाचक त्याला मिळाला. त्रोकीचा ग्रंथ व्होल्तेरच्या हाती पडला व त्याने त्याची तारीफ केली. यहुद्यांनी स्वतः तो मूळ हिब्रूत छापला तो १७०५ मध्ये, आम्स्टरडॅमला. दाविद किम्हीच्या स्तोत्रांवरील भाष्यातून काढून टाकलेले ख्रिस्तविरोधी परिच्छेद वेगळ्या पुस्तिकेच्या रूपाने फिरत राहिले. दुरानच्या दोन्ही रचनांची संशोधित आवृत्ती फ्रँक टाल्मेजने १९८१ मध्ये यरुशलेम येथे प्रसिद्ध केली. तिच्या मुखपृष्ठावर लेखकाचे नाव प्रोफियात दुरान असे आहे, ओनोरात दे बोनाफे असे नाही.